रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं मागें काय ठेविलें

मनुष्य मरण पावला म्हणजे गांवांत पहिला प्रश्न असा निघतो कीं, त्यानें मागें काय ठेविलें? आपल्या वसई-विरारच्या बाजूस ह्या प्रश्नाचें उत्तर गुंठ्यांत देण्याची चाल आहे. वाडी किती, भातखाचरें किती, माड व केळी किती, विहिरीच्या पाण्यांत कोणाचा वांटा किती, हें पांच माणसें बसून मोजतात. पूर्वीं ह्या जमिनीची किंमत तिच्या पिकावरून ठरत असे. आतां ती तिच्यावर उठणाऱ्या इमारतींवरून ठरते, आणि त्यामुळें वांटणीचे तंटेही वाढले आहेत. ज्या भावांनीं लहानपणीं एका ताटांत जेवण केलें, ते सात-बाराच्या उताऱ्यावरून कचेरींत एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. हें पाहिलें म्हणजे मनांत येतें कीं, ज्याची वांटणी करावी लागत नाहीं आणि जो दिल्यानें उणा होत नाहीं, असा कांहीं ठेवा मनुष्यास मागें ठेवितां येतो कीं नाहीं?

असा ठेवा ठेवून गेलेल्या एका पुरुषाचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हें नांव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांस ठाऊक आहे, कारण रविवारीं आपण जीं गीतें गातों त्यांपैकीं पुष्कळांच्या खालीं तें छापलेलें असतें. परंतु नांव ठाऊक असणें निराळें आणि मनुष्य ठाऊक असणें निराळें. गाणें व ग्रंथ ह्या दोन गोष्टींनीं ह्या मनुष्याचें जीवन घडविलें, आणि ह्याच दोन गोष्टी तो मागें ठेवून गेला. त्यांची किंमत काय पडली व ती कोणीं भरली, हेंही सांगणें अवश्य आहे; नाहींतर चरित्राची केवळ स्तुति होते.

प्रभूची कथा मराठींत गाण्याची चाल ह्या किनाऱ्यावर जुनी आहे. इंग्लंडांत जन्मलेले जेसुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनीं गोमंतकांत राहून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें आणि तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. उत्तर कोंकणांतही पोर्तुगीज अमलाच्या काळीं प्रभूच्या दुःखसहनाचें पुराण येथील लोकांच्या बोलींत रचिलें गेलें. आपले रोमन कॅथॉलिक शेजारी आजही लग्नकार्यांत आपल्या बोलींतील जुनीं गाणीं गातात. त्यांतील कित्येक कोणीं रचिलीं हें कोणीच सांगूं शकत नाहीं. स्टीफन्स १६१९ सालीं वारले. त्यानंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, १९१९ सालीं, टिळक वारले; आणि त्यांच्याही हातांत शेवटपर्यंत ख्रिस्तचरित्राचें एक मराठी महाकाव्यच होतें. ह्या दोघांचा पंथ एक नव्हता, देश एक नव्हता. परंतु मराठी मनुष्याच्या हृदयांत शिरावयाचें तर गाण्याच्या वाटेनें शिरावें, हें दोघांनींही जाणिलें होतें.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई भक्तिमान व कविताप्रिय होत्या. मुलाच्या कानांवर पहिले शब्द पडले ते आईच्या तोंडच्या पदांचे व अभंगांचे. १८६९ पासून १८७३ पर्यंत नारायणाचें शिक्षण कल्याण येथें झालें. पुढें टिळकांचें घर मुरबाडास होतें. हा सर्व मुलूख जुन्या ठाणें जिल्ह्यांतला. आपली वसईही २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत त्याच जिल्ह्यांत होती. तेव्हां हा मुलगा आपल्यापासून फार दूर वाढला असें नाहीं.

आई लवकर गेली आणि मुलाचा घरांतला आसरा तुटला. पोरका झालेला नारायण नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यानें दोन वर्षें संस्कृत, विशेषेंकरून संस्कृत काव्य, यांचा अभ्यास केला. पुढें दोन वर्षें शाळेंत इंग्रजी व इतर विषय शिकला, आणि तेवढ्यावर त्याचें शाळेंतलें शिक्षण संपलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें शिक्षण गरिबीमुळें अर्ध्यावर राहिलें असेल त्यांनीं हें ध्यानांत धरावें. आईकडून गाण्याची गोडी व शास्त्रीबोवांकडून ग्रंथ वाचण्याची शिस्त, एवढीच शिदोरी घेऊन हा तरुण जगांत निघाला.

१८८० सालीं त्यांचें लग्न नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिका नांवाच्या मुलीशीं झालें. मुलीचें वय तेव्हां सुमारें अकरा वर्षांचें होतें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेविलें गेलें. पुढें जी लक्ष्मीबाई टिळक म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाली, ती हीच. संसार सुरू झाला, परंतु टिळकांचें पाऊल एका ठिकाणीं ठरेना. कोठें ते शिक्षक झाले, कोठें पुराण सांगूं लागले, कोठें छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम केलें. हातीं आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेस देऊन टाकावा, मनांत आलें म्हणजे घरांतून उठून चालूं लागावें, आणि मागें बायकोनें काय खावें ह्याचा विचार मागाहून करावा, अशी त्यांची वृत्ति होती. लक्ष्मीबाईंनीं आपल्या आठवणींत ह्या गोष्टी कांहीं एक न लपवितां, रागावून नव्हे तर हंसत हंसत लिहून ठेविल्या आहेत. ज्यांस मोठे म्हणावयाचें त्यांचे दोष झांकण्याची गरज तिला वाटली नाहीं. आम्हांसही वाटत नाहीं.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास गेले. तेथील धनिक गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम त्यांस मिळालें. ऋषि नांवाचें एक मासिकही त्यांनीं थोडा काळ चालविलें. ग्रंथांचा मोठा संग्रह हाताशीं, कविता करण्याचा छंद, विद्वानांची संगत. इतकें असूनही चित्तास समाधान नव्हतें. जातिभेदानें माणसें एकमेकांपासून तुटलीं आहेत, देशाची दैना झाली आहे, आणि जो धर्म हें सर्व जोडील तो कोठें आहे, ह्या विचारानें ते व्याकुळ असत. आपणच एखादा नवा पंथ काढावा, असेंही त्यांच्या मनांत घोळत होतें.

अशा मनःस्थितींत, १८९३ च्या सुमारास, ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. टिळकांस वाटलें कीं साहेब आपणांस उठवील किंवा अंग चोरून बसावयास लावील. परंतु त्या गृहस्थांनीं आदरानें जागा दिली आणि संस्कृत काव्याविषयीं गोष्टी काढल्या. बोलतां बोलतां धर्माचा विषय निघाला. उतरण्यापूर्वीं त्यांनीं टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचें वचन घेतलें, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही केलें. टिळकांस तें हंसण्यासारखें वाटलें; तथापि दिलेलें वचन मोडावयाचें नाहीं म्हणून ते वाचूं लागले.

आरंभीं कांहीं मन लागेना. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं ते आले आणि तेथेंच थांबले. जें पुष्कळ ग्रंथांत शोधिलें तें ह्या लहानशा पुस्तकाच्या तीन अध्यायांत आहे, अशी त्यांची खात्री होत गेली. येथें आमच्या उपदेशक बंधूंस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. त्या गृहस्थांनीं गाडींत वाद घातला नाहीं. त्यांनीं आधीं जागा दिली, मग ऐकून घेतलें, आणि शेवटीं पुस्तक दिलें. त्या पुस्तकाचें पुढें काय होईल हें त्यांस दिसत नव्हतें. टिळकांचीं गीतें आज हजारों माणसें गातात, पण त्या गृहस्थांची आठवण फारच थोड्यांस आहे. त्यांचा ठेवा दुसऱ्याच्या नांवावर जमा झाला, एवढेंच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. परदेशीय मिशनऱ्याच्या हातून तो न घेतां त्यांनीं तो रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्या आपल्या देशबंधूच्या हातून घेतला. दोन वर्षांचें भाकीत असें खरें ठरलें. परंतु बायकोस, सासरच्यांस किंवा आप्तांस त्यांनीं आधीं कांहीं कळविलें नव्हतें. बातमी एकदम येऊन आदळली. लक्ष्मीबाईंची अवस्था काय झाली असेल ती वाचकांनीं कल्पावी. नवरा जिवंत आहे आणि जवळ जातां येत नाहीं. लहान मुलगा दत्तू मांडीवर आहे आणि त्याच्या भवितव्याची शाश्वति नाहीं. नातेवाईक दुःखानें व रागानें बोलत आहेत. पांच वर्षेंपर्यंत हा वियोग चालला. मध्यंतरीं त्या नवऱ्याजवळ येऊन राहिल्या, तरी सोंवळें निराळें, चूल निराळी, पाणी निराळें. मग हळूहळू त्यांचा जातीविषयींचा अभिमान गळाला, तो कोणाच्या सांगण्यानें नव्हे, तर स्वतःच्या विचारानें. आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं बाप्तिस्म्यापायीं अशीच फूट पडलेली आहे. टिळकांच्या गीतांतला आनंद फुकटचा नव्हता, आणि त्याच्या किंमतीचा मोठा भाग ह्या बाईनें भरिला, हें आपण विसरूं नये.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, राहूं लागले. तेथें अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशाळेंत त्यांनीं उपदेशकांस व पाळकांस शिकविलें. १९०४ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. पुढें राहुरीसही त्यांनीं काम केलें.

त्या काळीं मराठी मंडळ्यांच्या उपासनेंत पुष्कळशीं गीतें इंग्रजीवरून भाषांतर केलेलीं असत आणि परदेशीय चालींवर बसविलेलीं असत. शब्द मराठी, पण चालीच्या ओढाताणींत ऱ्हस्वाचें दीर्घ व दीर्घाचें ऱ्हस्व होऊन जाई. शहरांतील शिकलेलीं माणसें पेटीच्या आधारानें तीं गात. खेड्यांतील महार-मांग बंधूंस, ज्यांच्या अंगीं पिढ्यान्पिढ्यांचा ताल व सूर होता, त्यांस मात्र देवळांत आल्यावर मुकें व्हावें लागे. मराठी चालींवर ख्रिस्ती पदें व ख्रिस्ती कीर्तन ह्यांचा आरंभ टिळकांच्या आधींच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या भक्तांनीं नगराकडे केला होता. टिळकांनीं त्या वाटेचा हमरस्ता केला. ओवी, अभंग, दिंडी, साकी, पद, भजन, जें जें मराठी मनुष्याच्या ओठीं पूर्वींच होतें तें तें त्यांनीं प्रभूच्या सेवेंत घेतलें. टाळ-मृदंग देवळांत आले. उपासनासंगीत ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकांत त्यांचीं शंभराहून कितीतरी अधिक गीतें आहेत. त्यांचे अभंग अभंगांजलि ह्या नांवानें निराळे संग्रहित झाले आहेत.

हें बळ त्यांस कोठून मिळालें? तें आईच्या गाण्यांतून व तुकोबांच्या अभंगांतून मिळालें. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनीं ज्ञानोबा-तुकोबांस टाकून दिलें नाहीं. तुकोबा हा आपणांस ख्रिस्तापाशीं पोंचविणारा सेतु झाला, असें ते उघडपणें म्हणत. आणि कित्येकांस तें रुचत नसे. बाप्तिस्मा म्हणजे आपल्या आईची भाषा व आपल्या बापाचे सूर सोडणें होय, अशी समजूत तेव्हां दोन्ही बाजूंस होती. हिंदु लोक म्हणत कीं हा परका झाला. मंडळींतील कांहीं म्हणत कीं हा अजून पुरता आमचा झाला नाहीं. ह्या दोन भिंतींच्या मध्यें उभें राहून त्यांनीं गाणीं रचिलीं. आज त्यांचीं कांहीं भजनें देवळाबाहेर बसून ऐकणाऱ्या हिंदु शेजाऱ्यांसही आपलींच वाटतात, ह्याचें कारण हेंच आहे.

तुकोबांविषयीं परंपरा असें सांगते कीं, त्यांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, पण लोकांच्या मुखीं असलेले अभंग बुडाले नाहींत. टिळकांनीं ह्या गोष्टींतलें मर्म ओळखिलें होतें. ज्यांच्यासाठीं ते लिहीत त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. वाचतां न येणाऱ्यास पुस्तक दिलें तर तें पेटींत राहतें. गाणें दिलें तर तें त्याच्याबरोबर शेतांत जातें, जात्यावर बसतें, आजाऱ्याच्या उशाशीं जागतें. म्हणून त्यांचीं गीतें तोंडपाठ व्हावीं अशींच झालीं आहेत: शब्द सोपे, चरण लहान, आणि ध्रुवपद असें कीं एकानें म्हटलें म्हणजे दहांनीं उचलावें. पूर्वीं खेड्यांतील एखाद्या म्हातारीस शुभवर्तमानांतील वचनांचा क्रम सांगतां आला नाहीं, तरी टिळकांच्या भजनांतून तिनें सारा धर्म जाणिलेला असे.

टिळक केवळ मंडळीचे कवि नव्हते. फुलें, पांखरें व लहान मुलें ह्यांवर त्यांनीं केलेल्या कवितांमुळें महाराष्ट्रानें त्यांस फुलामुलांचे कवि असें नांव दिलें. वनवासी फूल ही त्यांची दीर्घ कविता प्रसिद्धच आहे. शिकाऱ्याच्या बाणानें घायाळ झालेल्या पक्षिणीवरील त्यांची कविता मराठी शाळांतील मुलांनीं पिढ्यान्पिढ्या पाठ केली. १९०७ सालीं जळगांवास जें पहिलें कविसंमेलन भरलें त्याच्या खटपटींत ते पुढें होते. त्या संमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें आपली कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनीं त्यास बालकवि ही पदवी दिली. पुढें टिळकांनीं त्या मुलास आपल्या घरीं ठेवून घेतलें. टिळक ख्रिस्ती, मुलगा हिंदु. पण घरांत त्यास पोटच्या मुलासारखें वागविलें. लक्ष्मीबाई त्याची आई झाल्या. हा बालकवि १९१८ सालीं, अवघ्या २८ व्या वर्षीं, आगगाडीखालीं सांपडून वारला. तरी त्याच्या निसर्गकविता मराठी भाषेंत अमर आहेत. आपलें गाणें ठेवून जाणें हा एक ठेवा. दुसऱ्याचें गाणें वाढीस लावणें हा दुसरा.

१९१२ पासून मरेपर्यंत ज्ञानोदय ह्या पत्राचा मराठी भाग टिळकांच्या हातीं होता. हें पत्र १८४२ सालीं अहमदनगरास निघालें. त्यांतून त्यांनीं कविता, निबंध, चर्चा, सर्व कांहीं लिहिलें. ख्रिस्तायन ह्या नांवानें प्रभूचें चरित्र मराठी महाकाव्यांत गाण्याचा त्यांचा संकल्पही ह्याच काळांतला. रामायणावर वाढलेल्या लोकांस तें नांव ऐकतांच त्याचा अर्थ कळावा, अशी ती योजना होती.

१९१७ सालीं त्यांनीं आणखी एक धाडस केलें. मिशनचा पगार सोडून दिला आणि साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार नांवाचा एक बंधुसंघ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथें एकत्र बसावेत, हा त्याचा हेतु होता. वय ५५ उलटून गेलेलें, प्रकृति खालावलेली, घरांत शिल्लक नाहीं. आणि अशा वेळीं बांधलेली मिळकत सोडणें हें व्यवहारी मनुष्यास वेडेपणाचें वाटेल. कित्येकांस वाटलेंही. दरबार फार दिवस टिकला नाहीं. दोन वर्षांतच दुखणें वाढलें, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत टिळकांनीं देह ठेविला.

आतां आरंभींचा प्रश्न पुन्हां घेऊं. त्यांनीं मागें काय ठेविलें? वाडी नव्हती, घर नव्हतें, बँकेंत रक्कम नव्हती. दरबार विखुरला होता. ख्रिस्तायन अपुरें होतें. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. सात-बाराच्या हिशेबानें पाहिलें तर हा मनुष्य दिवाळखोर मेला.

परंतु हिशेब तेथें संपत नाहीं. ज्या बाईस लग्नाच्या वेळीं अक्षरओळख नव्हती, जिला टिळकांनीं घरींच, कधीं प्रेमानें व कधीं रागावून, वाचावयास शिकविलें, तिनें पतीच्या मागें तीं अपुरीं पानें हातीं घेतलीं. शाळा नाहीं, शास्त्री नाहीं, संस्कृत नाहीं; होती ती आईच्या भाषेची पुंजी व प्रभूवरील श्रद्धा. तिनें ख्रिस्तायनाचे पुढचे ६४ अध्याय लिहिले आणि तें काव्य पूर्ण केलें. पुढें पतीच्या चरित्रास साधन व्हावें म्हणून चिरंजीव देवदत्त यांनीं आईस आठवणी लिहावयास लाविलें. त्यांतून १९३४ पासून भागाभागांनीं स्मृतिचित्रें हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठींत जीं थोडीं आत्मचरित्रें सर्व जातिधर्मांचे लोक आवडीनें वाचतात त्यांत ह्या ग्रंथाचें स्थान फार वरचें आहे. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं वारल्या. टिळकांनीं अनेक विद्यार्थ्यांस शिकविलें, परंतु घरांतल्या चुलीजवळ बसलेल्या ह्या एका विद्यार्थिनीस शिकविलेलीं अक्षरेंच त्यांच्या अपुऱ्या ग्रंथाच्या उपयोगीं पडलीं.

ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं, ठेवा म्हणजे पुरें करून ठेविलेलें काम नव्हे. आईनें गाणें दिलें, शास्त्रीबोवांनीं विद्या दिली, प्रवाशानें पुस्तक दिलें, तुकोबांनीं सूर दिला. टिळकांनीं हें सर्व घेतलें, आपल्या जीवनांत जिरविलें आणि पुढें दिलें. जें त्यांच्या हातून राहिलें तें ज्यांस दिलें होतें त्यांनीं पुरें केलें. ज्यानें कोणास कांहीं शिकविलें नाहीं त्याचें अपुरें काम अपुरेंच राहतें, मग त्याची वाडी कितीही मोठी असो.

वाचक बंधुभगिनींनो, आपण टिळक नाहीं. आपल्याकडून महाकाव्य होणार नाहीं, आणि तें कोणी मागतही नाहीं. परंतु आपल्या मंडळ्यांत आज एक गोष्ट घडत आहे ती पाहून आम्हांस चिंता वाटते. विरारपासून नायगांवपर्यंत वस्ती दाट झाली, मुलें आगगाडीनें दूर कामास जातात, घरीं रात्रीं उशिरां येतात. आणि पूर्वीं कुटुंबांत जी संध्याकाळची उपासना होत असे ती पुष्कळ घरांतून गेली आहे. गीतांचीं पुस्तकें कपाटांत आहेत, पण जुन्या चाली आजी-आजोबांच्या कंठांत राहिल्या आहेत. त्यांचे डोळे मिटले कीं त्या चालीही मिटतील. छापील शब्द राहतील. गाणें राहणार नाहीं. जमिनीचा तुकडा गेला तर पैसे देऊन दुसरा मिळेल; ही चाल गेली तर ती कोणत्याही बाजारांत मिळणार नाहीं.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति अशी आहे. आपल्या गांवांतील सर्वांत म्हाताऱ्या गाणाऱ्या माणसाजवळ पावसाळ्याच्या ह्या दिवसांत बसावें. त्यास किती भजनें येतात तें विचारावें, तीं वहींत उतरून घ्यावीं, चाल ध्वनिमुद्रित करून ठेवावी, आणि दोन मुलांस तरी तीं शिकवावीं. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं ज्यांस येत नाहीं त्यांच्यासाठीं रोज एक अध्याय मोठ्यानें वाचावा. ज्यांच्या घरीं सून किंवा मुलगी शिकूं इच्छिते, त्यांनीं तिचें पुस्तक तिच्या हातून घेऊन भांडें देऊं नये. त्या घराचें अपुरें काम कोण पुरें करील हें आज कोणास सांगतां येत नाहीं. आणि प्रवासांत शेजारीं कोणी बसला तर त्यास आधीं जागा द्यावी, मग त्याचें ऐकावें, आणि जवळ चांगलें पुस्तक असेल तर तें त्यास देऊन आपल्या ठिकाणीं उतरून जावें.

येत्या रविवारीं टिळकांचें एखादें गीत निघालें म्हणजे त्याखालील नांव मंडळीस मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि लक्ष्मीबाईंचीही आठवण करून द्यावी. मग गीत म्हणावें. मुलांस पुढच्या ओळींत बसवावें, म्हणजे त्यांस म्हाताऱ्यांचा सूर ऐकूं येईल.